सर्कल चुकवून

म्पोपोमा, बुलावायो
रविवार, ९ फेब्रुवारी २००३

प्रिय आई,

तुम्ही बऱ्या असाल तर आम्हीही बरे आहोत. लिंडिवेचा खोकला गेला. म्बुसोचा पुढचा दात पडला. तो त्याने खिशात जपून ठेवलाय, बाबा आले की दाखवायला. पण मेहलुलीचा सीमेपलीकडून, इगोलीहून निरोप आलाय की ईस्टरला रजा नाही. दात बिचारा खिशातच राहणार.

पत्राचं कारण वेगळं आहे. पंधरा दिवस झाले, शहरात पेट्रोल नाही. पहाटे पाचपासून थांब्यावर उभं राहिलं तरी मिनिबस येईल याची खात्री नाही, आणि मला सातला वॉर्डात हजर व्हावं लागतं. मागच्या आठवड्यात मी पावणेआठला पोचले. मेट्रनबाई म्हणाल्या, "सेंझेनी, मार्चअखेर पक्क्या नर्सांची यादी लागणार आहे. तीनदा उशीर झाला तर मी तुझं नाव घालू शकणार नाही. हा पहिला." तीन वर्षं मी हंगामी म्हणून राबतेय, आई. यादीत नाव नाही लागलं तर हे भाड्याचं घर आणि मुलांची इथली शाळा, दोन्ही गेलं.

म्हणून मेहलुलीची सायकल काढली. सुनेनं हे आधी तुमच्या कानावर घालायला हवं होतं, ते राहिलं. माफ करा.

सायकल चालवणं अवघड नाही. अवघड आहे ते मोठं सर्कल. पाच रस्ते एकमेकांच्या अंगावर येतात आणि सीमेकडून आलेले लांबलचक ट्रक त्यात घुसतात. ट्रकवाला आत वळतोय की बाहेर पडतोय हे त्याचं त्यालाही माहीत नसावं. मी कडेला उभी राहते, "देवा" म्हणते आणि डोळे मिटण्याचा मोह आवरून पॅडल मारते.

तुम्ही या शहरात पंचवीस वर्षं शिकवलंत. म्पोपोमाहून हॉस्पिटलकडे जायला सर्कल चुकवणारा दुसरा रस्ता आहे का हो? लांबचा असला तरी चालेल.

पत्र तुमच्याकडच्या बसच्या सिझिबा कंडक्टरकडे देतेय. उत्तरही त्याच्याकडेच द्या.

तुमची सून,
सेंझेनी


केझी
१९ फेब्रुवारी २००३

माझ्या पोरी सेंझेनी,

तुम्ही बरे आहात हे वाचून मीही बरी आहे. इकडे मका छातीएवढा झालाय. लाल गाय व्यायली, दुसऱ्यांदा कालवडच. दूध इतकं आहे की आंबवलेलं दूध प्यायला घरात माणसं नाहीत. मी एकटी किती पिणार?

सायकलबद्दल माझी हरकत नाही. मिशनच्या कॉन्व्हेंटमध्ये आम्हा मुलींना सायकल शिकवली ती सिस्टर आडेलहाइडने. जर्मन बाई, पांढरा झगा दोन्ही बाजूंनी कपड्याच्या चिमट्यांनी आवळून मैदानावर आमच्या मागे धावायची आणि ओरडायची, "पाठ ताठ! नजर चाकाकडे नको, जायचंय तिकडे!" निळ्या गुलमोहराच्या झाडावर मी तीनदा आदळले. चौथ्यांदा तिनेच ते झाड दोन्ही हातांनी झाकल्यासारखं केलं आणि म्हणाली, "आता हे इथे नाहीच असं समज." आणि खरंच, मी सरळ गेले. चौदा वर्षांची होते मी. आज एकसष्टाव्या वर्षीही तो चिमट्यांचा झगा डोळ्यांपुढून हलत नाही.

पण त्या सर्कलची मला भीती वाटते. माझ्या शाळेतल्या एका शिपायाचा पाय तिथे गेला, आणि तेव्हा तर गाड्या आजच्या निम्म्याही नव्हत्या. दुसरा रस्ता म्हणशील तर मला ठाऊक नाही. मी आपली बसनं जायची.

मला विचारशील तर एवढा जीव टांगणीला लावून ती नोकरी करायलाच हवी का? इथल्या दवाखान्यात नर्सची जागा कधीची रिकामी आहे. शाळा घरापासून हाकेच्या अंतरावर. मुलं दुधावर वाढतील, तू चालत कामावर जाशील. मेहलुली वर्षातून एकदाच येतो, तो इथे आला काय आणि तिथे आला काय. विचार कर.

तुझी आई,
माहादेबे


म्पोपोमा
रविवार, ९ मार्च २००३

प्रिय आई,

अक्षर बघून दचकू नका, हे पत्र लिंडिवे लिहितेय आणि मी सांगतेय. माझ्या उजव्या हातावर गरम पाणी सांडलं. काळजीचं काही नाही.

तुमचं पत्र मी बऱ्याचदा वाचलं. तुम्ही हरकत नाही म्हणता, पण सुनेनं शहरातून सायकलवर बसून जावं हे तुम्हाला रुचलं नाही, हे मला कळतं. तसं थेट न लिहिणं हा तुमचा मोठेपणा. आई, मी घोट्यापर्यंत स्कर्ट घालते, डोक्याला रुमाल बांधते, खांद्यावर शाल असते. तरी दारूच्या गुत्त्यापुढे बसलेले लोक सोडत नाहीत. "ए नर्सबाई, घोड्याला दाणापाणी दिलं का?" "मला ताप आहे, मागे बसव की हॉस्पिटलपर्यंत!" मी म्हटलं, "तुझा ताप बाटलीतला आहे, त्याला इंजेक्शन तुझी बायको देईल." (हे लिहू नकोस म्हटलं तरी ही पोरगी लिहितेय.)

दुसरे रस्ते मीच शोधले. बाजारातून गेले तर सकाळी टोमॅटोच्या हातगाड्यांत अर्धा तास अडकले. कारखान्यांच्या रस्त्यानं गेले तर काचांनी टायर फाटलं आणि दोन माणसं जरा जास्तच मदतीला धावली. घाबरून परत सर्कलवर आले. आता तिथे उतरून सायकल ढकलत नेते. पण ढकलणाऱ्या बाईसाठी ट्रक थांबत नाहीत, ते फक्त भोंगा वाजवतात.

गुरुवारी पुन्हा उशीर झाला. दुसरा. आता एकच उरलाय.

तुम्ही म्हणता तसा विचार मी करू लागलेय. मुलांना अजून काही बोलले नाही. (म्हणजे आता लिंडिवेला कळलं. ती लिहायची थांबलीय आणि माझ्याकडे बघतेय.)

तुमची,
सेंझेनी


केझी
११ मार्च २००३

सेंझेनी,

तुझं पत्र आज बसनं आलं आणि हीच बस तासाभरात परत निघणार आहे. सिझिबा चिंचेच्या सावलीत जेवतोय. तो हात धुवेपर्यंत मला लिहून व्हायला हवं, म्हणून अक्षराकडे बघू नकोस.

पत्र हातात देताना तो म्हणाला, "गोगो, आजी, सुनेचा हात कसा आहे आता?"

मी म्हटलं, "भाजलंय थोडं."

"भाजलं? कोण म्हणतं? मी थांब्यावर होतो की! ट्रकचा आरसा लागला आणि ही सायकलसकट फुटपाथवर. कोपर गळ्यात बांधलंय. आणखी वीतभर इकडे असती तर मी पत्र नसतं आणलं, निरोप आणला असता."

तू पाणी सांडल्याचं सांगितलंस ते मला दुःख होऊ नये म्हणून. मी जे तुला सांगितलं, ते तुझ्या भल्यासाठी नव्हतं. मला दुसरा रस्ता ठाऊक आहे. मी त्यावरून आठ वर्षं सायकलनं शाळेत गेलेय.

आता नीट ऐक, मग रागाव.

लग्न होऊन मी म्पोपोमात आले तेव्हा माझे मामंजी नगरपालिकेत माळी होते, आणि त्यांची नेमणूक होती त्याच सर्कलच्या मधल्या गोल बागेत. सकाळी सहापासून ते तिथे कर्दळीच्या वाफ्यात वाकलेले असत. माझी शाळा पलीकडे. मी कॉन्व्हेंटची, सायकल चालवण्यात पटाईत. पण सासऱ्यापुढून सुनेनं पाय टाकून, सायकलवर उंच बसून जायचं? आपल्यात सून सासऱ्याच्या अंगणासमोरून चालतसुद्धा नाही, घरामागून फिरून जाते. पहिला आठवडा मी काय केलं सांगू? सर्कलपाशी उतरायची, शाल सावरायची, रस्त्याच्या कडेला गुडघे टेकून मान खाली घालायची आणि मग सायकल हातात धरून पळायची. मागे बसवाला भोंगा वाजवतोय, एक गोरा गाडीतून मान काढून विचारतोय, "बाई, तुमचं काही हरवलं का?" आणि मामंजी बिचारे लाजून कर्दळीत आणखी खोल शिरताहेत.

म्हणून मी घरामागचा रस्ता शोधला. शहराला अंगण असतं तसं घरामागही असतं, पोरी. सर्कल हे अंगण. पाहुणे, ट्रक, साहेब तिथून जातात. मी सुनेसारखी मागून गेले.

वाट अशी. गुत्त्याच्या मागच्या भिंतीला लागून जुन्या काळी कामगारांसाठी बांधलेली सायकलची पट्टी आहे, दोन हात रुंद, लाल मुरमाची. ती धरून रेल्वेच्या चाळींमागून जा. ओढा लागेल, त्यावर सांडपाण्याचा जाड नळ आणि शेजारी मोरी आहे. मोरीवरून पलीकडे. मग डाव्या हाताला दफनभूमीची भिंत. ती संपेपर्यंत भिंत सोडू नकोस. पुढे मालधक्क्याचं मागचं फाटक, त्याच्यापुढे रुळांखालून जाणारा बोगदा, फक्त माणसांसाठी. त्यातून वर आलीस की तुझ्या हॉस्पिटलच्या धोबीखान्याची चिमणी समोर दिसेल. एकही मोठा रस्ता ओलांडावा लागत नाही.

मला वाटायचं, मामंजींना हे कळलेलं नाही. ते माझ्याशी बोलत नसत, सासरा सुनेशी थेट बोलत नाही. एका संध्याकाळी मी चुलीपाशी होते आणि ते दाराबाहेर बसून कोंबडीला म्हणाले, "ए कोंबडे, मालधक्क्याच्या फाटकाशी नवा कुत्रा बांधलाय. साखळी लांब आहे. उद्या तिकडून गेलीस तर भिंतीच्या कडेकडेनं जा." कोंबडी काय, दाणे टिपत राहिली. मी सकाळी भिंतीच्या कडेनं गेले. मग वर्षानुवर्षं असंच चाललं. ओढ्याला पाणी आलं तर कोंबडीला सांगत, बोगद्यात दिवा गेला तर कोंबडीला. मध्ये दोन कोंबड्या आम्ही खाल्ल्यासुद्धा, तिसरीला सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.

हे सगळं ठाऊक असून मी तुला "ठाऊक नाही" लिहिलं. का, ते मला कोंबडीला सांगून भागणार नाही. तू सर्कलला कंटाळलीस तर नोकरी सोडशील, मुलांना घेऊन इथे येशील, असं मला वाटलं. घर फार रिकामं आहे. मेहलुलीचे बाबा गेल्यापासून मी संध्याकाळी दोन ताटं काढते आणि एक परत ठेवते. हे कारण आहे. सबब नाही.

तू पडलीस तेव्हा मी इथे बसून तुझ्या हरण्याची वाट बघत होते. हे लिहायला हात धजत नव्हता, पण सिझिबा आता हात धुतोय.

माहादेबे


म्पोपोमा
रविवार, ३० मार्च २००३

आई,

तुम्ही बऱ्या असाल अशी आशा आहे.

तुमचं पत्र वाचलं आणि घडी करून पिठाच्या डब्यामागे ठेवून दिलं. दोन रविवार मुद्दाम लिहिलं नाही. तुम्हाला वाटलं असेल, हात दुखतोय. हात आठवड्यात बरा झाला होता. मला राग आला होता. मी तुमच्यापुढे आवाज चढवणारी सून नाही, पण कागदावर खोटं लिहायचं नाही असं ठरवलंय, दोघींनीही पुरेसं लिहिलंय.

सर्वात जास्त राग कशाचा आला माहितेय? तुम्ही मला विचारलंच नाहीत. "मुलांना सुट्टीत पाठव, मला करमत नाही" एवढं एक वाक्य. मी त्यांना त्याच दिवशी सिझिबाच्या बसमध्ये बसवलं असतं.

आता वाटेबद्दल.

पहिल्यांदा रविवारी गेले, कामाचा दिवस नको म्हणून. गुत्त्यामागची लाल पट्टी अजून आहे. चाळी संपल्या आणि पट्टीही संपली, पुढे माझ्या डोक्याच्या वर गेलेला मका. नगरपालिकेच्या जागेत, वाटेच्या मधोमध कुणीतरी शेत केलंय. मी सायकल आत घातली तर कणसांमागून एक म्हातारी उठली, हातात कुदळ.

"कुठे निघालीस माझ्या मक्यातून?"

"आजी, ही सायकलची वाट आहे."

"होती. मेली. तिच्यावर मी मका लावला."

"माझ्या सासूबाई आठ वर्षं इथून कामावर जायच्या."

"माझी सासू इथूनच दफनभूमीत गेली. म्हणून काय तिला परत यायला रस्ता सोडू?"

मी खाली बसले. खरंच बसले, गुडघे टेकून, तुम्ही सर्कलवर बसायच्या तशी. म्हटलं, "आजी, मी नर्स आहे. पलीकडे ट्रक मला मारतात आणि इकडे तुम्ही. कुठून जाऊ सांगा."

तिने कुदळ खाली टेकवली आणि म्हणाली, "नर्स? मग हा गुडघा बघ. पावसाळा लागला की वाकत नाही." मी गुडघा बघितला, शेक कसा द्यायचा ते सांगितलं, रोज जाता-येता बघेन म्हणाले. तिने दोन सऱ्यांमधली जागा दाखवली. "इथून जा. उतरून. एकाही कणसाला हँडल लागलं तर मी शिट्टी मारून सगळ्या शेतवाल्यांना बोलावीन." तिचं नाव गोगो माफू. आता ती मला पाहिलं की आधी गुडघा पुढे करते, मग नमस्कार.

मोरी अर्धी ढासळलीय, पण रेल्वेच्या लोकांनी जुना लाकडी स्लीपर आडवा टाकलाय. दफनभूमीची भिंत तुम्ही म्हणता तशीच लांब आहे. फाटकाशी कुत्रा नाही, तरी मी भिंतीच्या कडेनंच गेले, का कोण जाणे. बोगद्यात घोट्याएवढं पाणी होतं. चपला काढल्या, सायकल खांद्यावर घेतली आणि पलीकडे वर आले तर समोर धोबीखान्याची चिमणी, आणि ओल्या चादरींचा तो वाफाळलेला वास. मला रडू आलं. तिथला धोबी म्हणाला, "सिस्टर, रविवारी ड्युटी नाही तुमची. रडायला घर कमी पडलं का?"

सर्कलवरून मला पस्तीस मिनिटं लागत. या वाटेनं बावन्न लागतात. पावणेसहाला निघते, तेव्हा उजाडायला लागलेलं असतं. गेले दोन आठवडे मी एकदाही सातच्या नंतर पोचले नाही. शुक्रवारी यादी लागली. वरून नववं नाव माझं आहे. मेट्रनबाईंनी यादीकडे न बघताच विचारलं, "आता रोज वेळेवर येतेस. पेट्रोल कुठून मिळवतेस?" मी म्हटलं, "सासूबाईंकडून." त्यांनी चष्म्यावरून बघितलं.

कालपासून लहान मुलांच्या वॉर्डातल्या दोघी माझ्यामागून येताहेत. गोगो माफूने त्यांचं काय दुखतं ते विचारून घेतलंय आणि तिघींना मिळून एकच सरी दिलीय.

आई, मी गावी येणार नाही. हे स्पष्ट लिहितेय, कारण मागच्या पत्रात मी अर्धवट लिहिलं होतं आणि त्यावर तुम्ही काही बांधलं असेल तर मोडायचं काम माझं आहे. पण एप्रिलमध्ये शाळा सुटली की मुलं तुमच्याकडे येतील, शाळा उघडेपर्यंत. ऑगस्टमध्येही. म्बुसो विचारतोय, कालवडीचं नाव ठेवलंय का. ठेवलं नसेल तर ठेवू नका, तो ठेवणार आहे.

राग अजून थोडा आहे. तो जाईल. वाट सांगितलीत याबद्दलचं जे आहे ते जाणार नाही.

तुमची,
सेंझेनी


केझी
८ एप्रिल २००३

माझ्या पोरी,

पत्र पोचलं. राग लिहिलास ते बरं केलंस. मामंजींच्या घरात मी एवढी वर्षं काढली, पण सुनेला सासूवर रागावलेलं मी कागदावर पहिल्यांदाच बघितलं. त्यापुढे गुडघे टेकायची पाळी माझी होती, आणि मी ते टेकले.

एक गोष्ट तुला सांगितली नव्हती. फेब्रुवारीत, तुझं पहिलं पत्र आलं त्याच आठवड्यात, मी इथल्या शाळेत जाऊन मे महिन्यापासूनच्या सत्रासाठी दोघांची नावं घालून आले होते. तुला न विचारता. मुख्याध्यापक माझाच विद्यार्थी, त्यानं काही विचारलं नाही.

आज जाऊन ती काढून आणली. त्याने मोठं रजिस्टर उघडलं, लिंडिवेच्या नावावर पट्टी ठेवून रेघ मारली, मग म्बुसोच्या. रेघा अगदी सरळ होत्या, मीच शिकवल्या आहेत त्याला. शेवटच्या रकान्यावर येऊन थांबला.

"बाई, इथे कारण लिहावं लागतं. काय लिहू? मुलं आजारी? बदली?"

"लिही," मी म्हटलं, "आईला कामावर जायला रस्ता सापडला."

माहादेबे